साचा, संदर्भ आणि पृष्ठसिद्धी : जँगो चौकटीतील व्ह्यूच्या सुलभीकरणाचा विचार

१. प्रास्ताविक

महाजालावर वाचकासमोर येणारे पृष्ठ पुष्कळदा कोणी आधी लिहून ठेवलेले नसते. वाचकाची मागणी येते त्या क्षणी ते सिद्ध केले जाते. ग्रंथसूची, हस्तलिखितांचे संग्रह, शब्दकोश, अनुवादांच्या नोंदी यांपैकी बरेच साहित्य आज अभ्यासकाच्या हाती येते ते असेच. माहिती एके ठिकाणी साठवलेली असते, पृष्ठाचा साचा दुसरीकडे असतो आणि या दोहोंची गाठ घालून देणारी आज्ञावली तिसरीकडे असते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या व्यवस्थेचा बाहेरचा चेहरा परिचित असला, तरी तिचे अंतरंग सहसा अपरिचित राहते.

हे अंतरंग जाणून घेण्याचे कारण केवळ कुतूहल नव्हे. एखाद्या अनुवाद-सूचीत 'अनुवादक' या शीर्षकापुढील जागा रिकामी दिसली, तर तिचे दोन अर्थ संभवतात. अनुवादकाचे नाव ज्ञात नसेल, किंवा नाव साठ्यात असूनही पृष्ठ सिद्ध होताना गळले असेल. वाचकाच्या डोळ्यांना दोन्ही रिकाम्या जागा सारख्याच दिसतात. पोथीतील त्रुटित स्थळाचे कारण शोधताना पाठचिकित्सक लेखनिकाच्या सवयी तपासतो. तसाच येथेही पृष्ठ सिद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या सवयींचा विचार करावा लागतो. पायथन या भाषेतील जँगो ही चौकट आणि तिच्यात हे काम सोपे करण्यासाठी वेळोवेळी झालेले प्रयत्न यांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

२. संज्ञांचा प्रश्न

जँगोचा जन्म वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकाच्या संकेतस्थळासाठी एड्रियन होलोवॅटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये या कामास आरंभ केला. जुलै २००५ मध्ये ही चौकट मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुली झाली. जॅझ संगीतातील गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्यावरून तिला नाव मिळाले. बातमी हाती येताच तिचे पृष्ठ काही तासांत उभे राहिले पाहिजे, ही वृत्तपत्राची निकड तिच्या घडणीत दिसते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहावी लागू नये, हे तिच्या कर्त्यांनी आरंभापासून तत्त्व म्हणून स्वीकारले.

जँगोमधील कामाची विभागणी तीन घटकांत केली जाते : मॉडेल, टेम्प्लेट आणि व्ह्यू. मॉडेल माहितीचे स्वरूप सांगते. टेम्प्लेट म्हणजे पृष्ठाचा साचा. त्यात स्थिर मजकूर असतो आणि बदलत्या मजकुरासाठी राखलेल्या जागा असतात. व्ह्यू हा घटक वाचकाची मागणी स्वीकारतो, लागणारी माहिती गोळा करतो आणि सिद्ध झालेले पृष्ठ परत पाठवतो.

येथे अनुवादाच्या अभ्यासकाला परिचित असलेला एक घोटाळा उद्भवतो. ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी त्रिविध मांडणी केली होती. तीत व्ह्यू म्हणजे डोळ्यांना दिसणारे रूप. जँगोने शब्द तोच ठेवला. अर्थ मात्र सरकवला. माहिती कशी दिसावी हे ठरवणे साच्याकडे गेले आणि कोणती माहिती दिसावी हे ठरवणे व्ह्यूकडे आले. त्यामुळे या संज्ञेसाठी मराठीत 'दृश्य' हा शब्द योजला, तर तो कोशातील अर्थाशी प्रामाणिक राहूनही वाचकाला चुकीच्या दिशेने नेतो. या कारणास्तव पुढील विवेचनात 'व्ह्यू' हाच शब्द ठेवला आहे. टेम्प्लेटसाठी 'साचा', साच्यात भरावयाच्या माहितीच्या संचासाठी 'संदर्भ', आणि साचा व संदर्भ यांच्या मेळातून पृष्ठ तयार करण्याच्या क्रियेसाठी 'पृष्ठसिद्धी' हे शब्द योजले आहेत.

३. सुलभीकरणाचे टप्पे

उदाहरणादाखल एक कल्पित अनुवाद-सूची घेऊ. तिच्यातील एका पृष्ठावर मूळ कृतीचे शीर्षक, लेखक, भाषा आणि तिच्या अनुवादांची यादी दाखवायची आहे. हे पृष्ठ पाठवणाऱ्या व्ह्यूला मुळात चार कामे करावी लागतात. प्रथम साच्याची फाइल शोधून वाचणे. नंतर नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांतून संदर्भ बांधणे, जसे 'कृती' या नावाखाली मूळ कृती आणि 'अनुवाद' या नावाखाली अनुवादांची यादी. मग साच्यात तो संदर्भ भरणे. आणि शेवटी तयार मजकूर प्रतिसादाच्या वेष्टनात घालून परत पाठवणे. यांपैकी दुसरे काम तेवढे त्या पृष्ठाचे स्वतःचे असते. उरलेली तीन प्रत्येक पृष्ठासाठी अक्षरशः सारखीच असतात. पन्नास पृष्ठांच्या संकेतस्थळात ती पन्नास वेळा लिहावी लागली, तर कामातील विशेष आणि सामान्य यांतील भेद वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो.

या पुनरुक्तीवर जँगोने पहिला उपाय दिला तो 'रेंडर टू रिस्पॉन्स' या फंक्शनच्या रूपाने. साच्याचे नाव आणि संदर्भ त्याच्या हाती दिले की चारही कामे एका ओळीत होत. मात्र या उपायात एक उणीव होती. प्रत्येक पृष्ठाला काही माहिती समाईक लागते : वाचकाने प्रवेश घेतला आहे काय, तो कोण आहे, त्याच्यासाठी काही सूचना आहेत काय. ही माहिती पुरवणारी छोटी फंक्शने, म्हणजे संदर्भपूरके, जँगोत होती. परंतु ती कामाला लागत ती 'रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट' हा विशेष प्रकारचा संदर्भ वापरला तरच. 'रेंडर टू रिस्पॉन्स' आपण होऊन तो वापरत नसे. प्रत्येक व्ह्यूच्या शेवटी तो वेगळा जोडावा लागे आणि विसरणे सहज घडे.

विसरल्यास काय होई, हे लक्षात घेण्यासारखे आहे. साच्यात मागितलेले नाव संदर्भात सापडले नाही, तर जँगो साधारणपणे तक्रार करत नाही. त्या जागी काहीच न लिहिता पुढे जातो. पृष्ठ मोडत नाही, चुकीचा संदेश दिसत नाही; एक जागा तेवढी मुकी राहते. प्रवेश घेतलेल्या अभ्यासकाला पृष्ठ अनोळखी समजते आणि 'प्रवेश करा' असे पुन्हा सांगते. मूळ ग्रंथाच्या प्रतिमा नोंदणी केलेल्या वाचकांनाच दाखवायच्या, अशी अट साच्यात असेल, तर त्या प्रतिमांचा दुवा कोणतीही खूण न ठेवता नाहीसा होतो. संग्रहात प्रतिमा नाहीत असा निष्कर्ष अभ्यासक काढतो आणि तो निष्कर्ष त्याच्या लेखनात उतरतो. मे २०१० मधील १.२ या आवृत्तीपासून अर्जांच्या सुरक्षिततेसाठी साच्यात एक गुप्त खूण घालण्याची नवी सोय आली. तीही याच विशेष संदर्भातून मिळत असे. तो जोडायचा राहिला की वाचकाने भरून पाठवलेला अर्ज नाकारला जाई. एका अर्थी ही चूक बरी म्हणावी, कारण ती स्वतःला प्रकट करी.

मार्च २०११ मधील १.३ या आवृत्तीत 'रेंडर' हे फंक्शन आले. त्याला सर्वप्रथम वाचकाची मागणी द्यावी लागते, मग साच्याचे नाव आणि नंतर संदर्भ. मागणी हाती असल्यामुळे विशेष संदर्भ ते स्वतःच बांधते. वरवर पाहता बदल लहान आहे. परंतु ज्या गोष्टीचे विस्मरण घातक ठरत होते, ती आता विसरण्याची सोयच उरली नाही. जुने 'रेंडर टू रिस्पॉन्स' डिसेंबर २०१७ मधील २.० या आवृत्तीत कालबाह्य ठरवले गेले आणि डिसेंबर २०१९ मधील ३.० या आवृत्तीत काढून टाकण्यात आले.

४. संक्षेप आणि सुलभता यांतील अंतर

सुलभीकरणाच्या या इतिहासात काही वाटा अशाही आहेत की ज्यांनी ओळी कमी केल्या, पण आकलन सोपे केले असे म्हणता येत नाही. 'लोकल्स' या फंक्शनचा वापर हे त्याचे ठळक उदाहरण होय. पायथनमधील हे फंक्शन त्या ठिकाणी अस्तित्वात असलेली सर्व स्थानिक नावे एकगठ्ठा देते. संदर्भाच्या जागी तेच ठेवले की जोड्या लिहिण्याचे श्रम वाचतात. एकेकाळी ही युक्ती बरीच वापरली जाई. परंतु तिच्यामुळे साच्याकडे काय जाते आहे हे आज्ञावली वाचून कळेनासे होते. गणनेसाठी घेतलेले तात्पुरते नावही साच्यापर्यंत पोचते; आणि पुढे कोणी ते नाव बदलले, तर साच्यातील जागा वर सांगितल्याप्रमाणे निमूटपणे रिकामी होते. पायथनच्या परंपरेत, विशेषतः टिम पीटर्स यांच्या सूत्रावलीत, उघड मांडणीला सूचित मांडणीपेक्षा वरचे स्थान आहे. 'लोकल्स'ची युक्ती त्या परंपरेतच बसत नाही.

दुसरी वाट डेकोरेटरची. एखाद्या फंक्शनवर बाहेरून घातलेले वेष्टन म्हणजे डेकोरेटर. 'जँगो-अनॉयिंग' या मुक्त संग्रहातील 'रेंडर टू' हा डेकोरेटर प्रसिद्ध आहे. साच्याचे नाव व्ह्यूच्या डोक्यावर लिहायचे आणि व्ह्यूने जोड्यांचा संच तेवढा परत करायचा. पृष्ठसिद्धी वेष्टन करते. या रचनेत व्ह्यूचे अंग स्वच्छ होते. हे पृष्ठ कोणत्या माहितीवर उभे आहे, एवढेच तेथे वाचायला मिळते. अडचण निराळ्या ठिकाणी येते. व्ह्यूला कधी पृष्ठ न दाखवता वाचकाला दुसऱ्या पत्त्यावर पाठवावे लागते. तेव्हा तो जोड्यांच्या संचाऐवजी तयार प्रतिसाद परत करतो आणि वेष्टन तो न बदलता पुढे देते. एकाच फंक्शनचे उत्तर कधी एका जातीचे, कधी दुसऱ्या जातीचे असते. हा संकेत ज्याला ठाऊक आहे त्याला काही वाटत नाही; नव्या माणसाला मात्र तो कोठे लिहिलेला आढळत नाही.

तिसरी वाट क्लासवर आधारलेल्या व्ह्यूंची. तीही १.३ या आवृत्तीतच चौकटीत आली आणि फंक्शनच्या रूपातील जुने सामान्य व्ह्यू फेब्रुवारी २०१३ मधील १.५ या आवृत्तीत हद्दपार झाले. केवळ एखादे स्थिर पृष्ठ दाखवायचे असेल, तर 'टेम्प्लेट व्ह्यू'ला साच्याचे नाव सांगणे पुरते. एका नोंदीचे पृष्ठ असेल तर 'डिटेल व्ह्यू', यादीचे असेल तर 'लिस्ट व्ह्यू'. साच्याचे नावही न दिल्यास मॉडेलच्या नावावरून ते ठरते. येथे लिहिण्याचे श्रम जवळजवळ संपतात. पण एका पृष्ठाचा संदर्भ कसा बनला हे समजून घेण्यासाठी वारशाने आलेल्या अनेक क्लासमधून मागे जावे लागते. एकसारख्या नोंदींच्या मोठ्या संग्रहाला ही रचना लाभदायक ठरते. जेथे प्रत्येक पृष्ठाची मांडणी निराळी, तेथे साध्या फंक्शनमध्ये 'रेंडर' वापरणे वाचनाच्या दृष्टीने हितावह.

याच आवृत्तीत आलेल्या 'टेम्प्लेट रिस्पॉन्स'चा उल्लेख येथे आवश्यक आहे. 'रेंडर' लगेच पृष्ठ सिद्ध करून मजकूर हाती देते. 'टेम्प्लेट रिस्पॉन्स' मात्र साच्याचे नाव आणि व्ह्यूने दिलेला संदर्भ अलगद बाळगतो आणि पृष्ठसिद्धी शेवटच्या क्षणापर्यंत लांबवतो. त्यामुळे दरम्यान दुसऱ्या घटकाला संदर्भात भर घालता येते, साचा बदलता येतो. तसेच कोणती माहिती पृष्ठाकडे निघाली होती हे पृष्ठ न वाचता तपासता येते. रिकाम्या जागेचे कारण शोधणाऱ्याला याहून उपयुक्त सोय नाही. नाव संदर्भात होते आणि पृष्ठावर नाही, असे आढळले तर दोष साच्यात. संदर्भातच नव्हते, तर दोष व्ह्यूत, संदर्भपूरकांत किंवा मूळ माहितीत.

५. स्थिर आणि चल : साहित्यविचारातील समांतर

स्थिर आराखडा आणि चल घटक ही कल्पना साहित्याभ्यासाला नवी नाही. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मधील आपल्या ग्रंथात रशियन अद्भुतकथांतील पात्रांची कार्ये स्थिर आणि ती कार्ये करणारी पात्रे बदलती, असे दाखवून एकतीस कार्ये नोंदवली. मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी होमरच्या महाकाव्यांची व दक्षिण स्लाव गायकांच्या परंपरेची सांगड घालताना वृत्तात नेमके बसणाऱ्या ठरीव पदबंधांचा विचार केला. लॉर्ड यांचा 'द सिंगर ऑफ टेल्स' हा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. साचा आणि संदर्भ यांची विभागणी या विचारांच्या जवळची वाटते.

तथापि साम्य फार ताणता येत नाही. मौखिक परंपरेतील गायक पदबंध वापरतो तेव्हा वृत्त, विभक्ती आणि प्रसंग यांना अनुसरून त्याला वळवतो. साच्यातील रिकाम्या जागेला असे कान नसतात. तिच्यात जे नाव पडते ते जसेच्या तसे पडते. आजूबाजूच्या वाक्याचे व्याकरण तिला माहीत नसते. ही मर्यादा सर्वच भाषांत जाणवते. मराठीसारख्या विकारक्षम भाषेत ती अधिक ठळक होते.

६. मराठी वाक्य आणि रिकामी जागा

अनुवाद-सूचीच्या साच्यात 'या शहरात प्रकाशित' असा अर्थ आणायचा असेल आणि शहराच्या नावाला 'त' हा प्रत्यय जोडला, तर 'नागपूरत', 'पुणेत', 'कोल्हापूरत' अशी रूपे तयार होतील. सामान्यरूप करण्याची क्षमता रिकाम्या जागेपाशी नाही. क्रियापदाची अडचण याहून मोठी. व्यक्तीच्या नावापुढे 'आला' की 'आली' हे लिंग कळल्याखेरीज ठरत नाही. जँगो ज्या गेटटेक्स्ट पद्धतीवर भाषांतराची सोय उभारते, तीत एकवचन-अनेकवचनाची व्यवस्था आहे. लिंगभेदासाठी तशी व्यवस्था नाही.

छापील मराठीने या अडचणीवर पूर्वीच उपाय शोधले आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. शाळेच्या दाखल्यावर 'कुमार/कुमारी' असे दोन्ही पर्याय छापून लागू नसेल तो खोडण्याची सूचना असते. वृत्तपत्रीय आणि कार्यालयीन मराठीत नावानंतर 'यांनी', 'यांचा', 'यांच्याकडे' अशी रूपे येतात. आदरार्थी अनेकवचन लिंगाचा प्रश्न टाळते आणि नावाला विकार होऊ देत नाही. 'पुणे या शहरात', 'कादंबरी या प्रकारात' ही रचना स्थळ आणि वस्तू यांच्या बाबतीत तेच साधते. मूळ शब्द अविकृत राहतो, प्रत्ययाचा भार जवळचे सर्वनाम किंवा नाम उचलते. संगणकाच्या साच्यासाठी ही रचना जणू आधीच तयार होती.

याचा व्ह्यूच्या सुलभीकरणाशी थेट संबंध पोचतो. पुष्कळदा व्ह्यूमध्येच वाक्य जुळवण्याचा मोह होतो : अनुवादांची संख्या मोजायची आणि 'तीन अनुवाद उपलब्ध आहेत' असा तयार मजकूर साच्याला द्यायचा. त्यामुळे व्ह्यू एका भाषेला बांधला जातो. त्याच सूचीचे बंगाली, कन्नड किंवा हिंदी पृष्ठ हवे झाल्यास माहिती गोळा करणारी आज्ञावली बदलावी लागते. याउलट व्ह्यूने संख्या आणि नावे एवढीच दिली, तर वाक्यरचना साच्यात आणि त्याच्या भाषांतरांत राहते. प्रत्येक भाषा आपापल्या व्याकरणाने रिकाम्या जागेभोवती वाक्य उभे करते. भारतासारख्या बहुभाषिक देशातील तौलनिक सूचीसाठी ही विभागणी निकडीची आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, व्ह्यूचे सुलभीकरण ओळींच्या संख्येवर मोजणे पुरेसे नाही. प्रत्येक पृष्ठात सारखीच येणारी कामे चौकटीकडे सोपवावीत. पृष्ठाचे वेगळेपण ज्यात आहे तो संदर्भ मात्र नावानिशी उघड राहावा. 'रेंडर'ने विस्मरणाची शक्यता काढून टाकली आणि संदर्भ दृष्टीआड केला नाही, म्हणून तो उपाय टिकला. 'लोकल्स'च्या युक्तीने श्रम वाचवले आणि संदर्भ झाकला, म्हणून ती मागे पडणे इष्ट होते. डेकोरेटर आणि क्लास यांचे मोलही याच कसोटीवर ठरते : आज्ञावली वाचणाऱ्याला पृष्ठावरील प्रत्येक नावाचा उगम किती पावलांत सापडतो?

साहित्याच्या अभ्यासकांकडे अशा सूचींचे संपादन अधिकाधिक प्रमाणात येत आहे. आज्ञावली लिहिण्याचे काम तंत्रज्ञ करतील. परंतु संदर्भात कोणती नावे असावीत, वाक्य कोणी रचावे आणि अज्ञात माहितीच्या जागी काय दिसावे, हे निर्णय संपादकीय आहेत. अनुवादकाचे नाव ज्ञात नसेल, तर तेथे 'अनुवादक अज्ञात' असे शब्द साच्यानेच लिहावेत, अशी तरतूद करता येते. जँगोच्या साच्यात अट घालून ते साधते. मात्र ही अट 'नाव नाही' एवढ्यावर ठेवली, तर गळलेले नावही 'अज्ञात' म्हणून छापले जाईल. यासाठी अज्ञात असल्याची नोंद मूळ माहितीतच स्वतंत्रपणे करावी आणि साच्याने ती पाहूनच हे शब्द लिहावेत. मग उरलेली रिकामी जागा चुकीचीच खूण ठरेल आणि वाचक ती ओळखू शकेल.